ज्येष्ठांच्या मनासाठी संस्थांना देतात ते ट्रेनिंग : आठ महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

ट्रेनिंग संपलं त्या संध्याकाळी फीडबॅक फॉर्म हातात दिला होता आणि मी सगळ्या रकान्यांत पाचपैकी पाच टाकून मोकळी झाले, कारण चार दिवस छान गेले होते, ट्रेनर मॅडम प्रेमळ होत्या आणि निघताना सगळेच भारावलेले असतात. पण ट्रेनिंग चांगलं होतं की नाही हे त्या दिवशी कळतच नाही हो. ते कळतं तीन-चार महिन्यांनी, एखाद्या आजींसमोर आपण बसलेलो असतो, त्या म्हणतात आता कशाला जगायचं, आणि तेव्हा आपल्याला पुढचं वाक्य सुचायला पाहिजे. म्हणून खरा रिव्ह्यू आत्ता लिहितेय. ज्यांनी ट्रेनिंग दिलं त्यांचं नाव घेत नाही, कारण तक्रारीही आहेत, आणि असं ट्रेनिंग देणारे बरेच आहेत, तर नावापेक्षा निवडताना काय बघायचं ते कळलं तर जास्त उपयोगी पडेल असं वाटतं.

आमची संस्था छोटी. पगारी माणूस एकच, बाकी आम्ही सगळे व्हॉलंटियर. आठवड्यातून तीन दिवस ज्येष्ठांची बैठक असते, वाचन, गप्पा, हलका व्यायाम, आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी भेटी. भेटींचं वेळापत्रक मी बघते. आम्ही ट्रेनिंगला गेलो त्याचं कारण एक वही होती. हजेरीच्या वहीत कुणी यायचं बंद झालं की आम्ही पुढे फक्त 'तब्येत' असं लिहायचो. आधी एक दिवस नाही, मग आठवडा, मग फोन केला की "जरा बरं नाही", आणि ते जरा काही संपतच नाही. एकदा जुन्या वह्या चाळताना लक्षात आलं की 'तब्येत' लिहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ताप नव्हता, गुडघा नव्हता, काहीच नव्हतं, त्यांचं मन लागेनासं झालं होतं, आणि आम्हाला ते ओळखताही आलं नव्हतं आणि त्याला नावही देता आलं नव्हतं. काही जण परत आलेच नाहीत.

तर ट्रेनिंग असं होतं : चार पूर्ण दिवस प्रत्यक्ष, मग सहा महिने दर महिन्याला एक सुपरव्हिजन कॉल, म्हणजे अडलेल्या केसेसवर ट्रेनरशी फोनवर बोलायचं, आणि मध्ये कधीही फोन करायला एक नंबर. एका संस्थेतून चौघं यायला पाहिजेत आणि त्यातला एक निर्णय घेऊ शकणारा पदाधिकारी पाहिजे, ही अट. या अटीचा तेव्हा आम्हाला रागच आला होता, दोन हौशी व्हॉलंटियर पाठवून भागलं असतं ना. आता वाटतं की सगळ्या ट्रेनिंगमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच होती. कारण परत आल्यावर भेटीची वेळ वीस मिनिटांवरून पन्नास मिनिटं करायची होती, वेगळी खोली लागणार होती, कुलूपवालं कपाट लागणार होतं, एका व्हॉलंटियरकडे आठाच्या ऐवजी तीनच माणसं द्यायची होती. हे सगळं एखादी ताई एकटी परत येऊन सांगते तेव्हा कमिटी म्हणते बघू. आमचे सेक्रेटरी स्वतः तिथे बसून आले होते म्हणून पंधरा दिवसांत कपाट आलं.

पहिल्या दिवशी सकाळी मॅडमनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, 'या वयात असं व्हायचंच', आणि विचारलं की हे कुणी कुणी म्हटलंय. सगळ्यांचे हात वर. मग त्यांनी शांतपणे समजावलं की वाईट वाटणं, कुणी गेल्याचं दुःख होणं, हे कुठल्याही वयात होतं, पण आठवडेच्या आठवडे कशातच गोडी न वाटणं, झोप मोडणं, स्वतःला ओझं समजणं हा म्हातारपणाचा भाग नाही, तो आजार आहे आणि त्यावर उपाय आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे साठीच्या पुढच्या साधारण १४ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. म्हणजे आमच्या पन्नास जणांच्या बैठकीत सरासरीने सात जण. मी मनातल्या मनात खुर्च्या मोजल्या.

त्यानंतर तो घड्याळाचा खेळ झाला, खेळ म्हणतात पण घाम फुटला. तिघातिघांचे गट. एकाने ज्येष्ठ व्यक्ती व्हायचं, एकाने ऐकायचं, तिसऱ्याने घड्याळ लावून बसायचं आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिला सल्ला कधी बाहेर पडतो ते लिहायचं. माझा सल्ला पंचावन्नाव्या सेकंदाला आला, "अहो तुम्ही मन रमवायला पाहिजे". आमच्या गटातल्या एक शिक्षिकाबाई, तीस वर्षं शिकवलेल्या, त्यांचा चाळीसाव्या सेकंदाला. आम्ही वाईट नव्हतो, काळजीपोटीच बोलत होतो, पण समोर बसलेली बाई नंतर म्हणाली की सल्ला आला त्या क्षणी मला वाटलं, झालं, आता माझं बोलणं संपलं. हे वाक्य मी विसरू शकत नाही. दुपारपर्यंत नियम पक्का झाला, पहिली पंधरा मिनिटं सल्ला नाही, फक्त ऐकायचं, आणि जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं की मला असं कळलं, बरोबर आहे का. हे लिहिताना फार सोपं वाटतं. मला जमायला अडीच महिने लागले.

आता मुख्य पद्धत काय शिकवली ते सांगते, कारण माहितीपत्रकात 'भावनिक आधार' वगैरे गोल गोल शब्द असतात आणि नक्की काय करतात ते कळत नाही. दोन गोष्टी. एक, छोट्या छोट्या कृती ठरवून करायच्या. आपल्याला वाटतं आधी बरं वाटेल मग माणूस काहीतरी करील, इथे उलटं आहे, आधी अगदी बारीक काहीतरी करायचं, बरं वाटणं मागून येतं, कधी येतं कधी नाही येत, तरी पुढच्या आठवड्याला परत ठरवायचं. दोन, अडचण सोडवायची पायरी पायरीने : एकच अडचण निवडायची, ती नेमक्या शब्दांत मांडायची, काय व्हायला हवंय ते ठरवायचं, सुचतील तेवढे मार्ग कागदावर काढायचे, प्रत्येकाचं बरंवाईट बघायचं, एक निवडायचा, कधी आणि कसं करणार ते लिहायचं, आणि पुढच्या भेटीत झालं का ते बघायचं. अडचण निवडणार ते ज्येष्ठ, मार्ग सुचवणारही तेच, आपण पेन धरायचं. हे शेवटचं फार अवघड जातं.

आमचे खजिनदार काका दुसऱ्या दिवशी उभे राहिले आणि सरळ विचारलं, की आम्ही डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, हे आमचं काम आहे का, उद्या काही बरंवाईट झालं तर? मला हा प्रश्न विचारायला आवडला असता पण धीर झाला नव्हता. मॅडमनी उत्तर दिलं नाही, तीन अभ्यास समोर ठेवले. पहिला सिएटलचा, तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने 'पर्ल्स' नावाचा कार्यक्रम आखला, समाजातल्या संस्थांमार्फत साठीच्या पुढच्या लोकांच्या घरी जाऊन ही वरची पद्धत वापरायची, आठ भेटी, आणि त्याचा निकाल २००४ मध्ये छापला गेला. १३८ लोक होते, सौम्य पण रेंगाळलेलं नैराश्य असलेले. वर्षाने बघितलं तर ज्यांना भेटी मिळाल्या त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली होती, ज्यांना नेहमीचेच उपचार होते त्यांच्यात १५ टक्के. दुसरा गोव्यातला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला, तो मला जास्त जवळचा वाटला कारण तिथे भेटी देणारे आमच्यासारखेच साधे लोक होते, प्रशिक्षण घेतलेले पण मानसिक आरोग्याची पदवी नसलेले. साठीच्या पुढचे १८१ जण, थोडी लक्षणं होती पण पूर्ण नैराश्य नव्हतं. एका वर्षात नेहमीची काळजी मिळालेल्या ९० पैकी १३ जणांना पूर्ण नैराश्य आलं, भेटी मिळालेल्या ९१ पैकी ४ जणांना. म्हणजे आजार व्हायच्या आधीच थोपवता येतो. काका खाली बसले ते वहीत काहीतरी लिहीत बसले, संध्याकाळी दाखवलं, १३ आणि ४ एवढंच लिहिलं होतं.

तिसरा झिम्बाब्वेचा, मैत्रीचा बाक म्हणतात त्याला. डिक्सन चिबांडा नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये हरारेत सुरू केलेलं, दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक आणि त्यावर बसणाऱ्या, ट्रेनिंग घेतलेल्या आज्या. २०१६ मध्ये ५७३ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास आला आणि सहा महिन्यांनी फरक स्पष्ट दिसला. पण इथे आज्या उपचार घेणाऱ्या नाहीत, देणाऱ्या आहेत. हे ऐकून आमच्या बैठकीतल्या ज्या दोघी-तिघींना आम्ही कायम 'लाभार्थी' म्हणून मोजत आलो त्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आले. आता त्यातल्या एक आमच्या टीममध्ये आहेत, वय ७१, आणि त्यांच्याइतकं शांत बसून ऐकणं आमच्यात कुणालाच जमत नाही.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एकाच माणसाचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. एक आजोबा, पत्नी गेल्यावर बैठकीला यायचे बंद झाले. पहिल्या दोन भेटींत आम्ही फक्त ऐकलं. तिसऱ्या भेटीत कळलं की ते बावीस वर्षं रोज सकाळी भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा वहीत लिहायचे, आणि तो आकडा ते स्वतः वाचायचे नाहीत, आजी वाचायच्या, हे लिहायचे. आजी गेल्या त्या दिवसापासून वही बंद. ट्रेनिंगच्या आधीची मी असते तर म्हटलं असतं की आजोबा, परत लिहायला लागा बघू, छान छंद आहे. या वेळी आमच्या ताईने विचारलं, या आठवड्यात किती दिवस जमेल असं वाटतं? ते म्हणाले, दोन. कुठले दोन? मंगळवार आणि शुक्रवार. किती वाजता? कागदावर लिहिलं. आठवड्याने गेलो तर मंगळवारचा आकडा होता, शुक्रवारची जागा कोरी. ताईने "शुक्रवारी काय झालं" असं नाही विचारलं, "मंगळवारी आकडा वाचला कुणी" असं विचारलं. त्यावर आजोबा बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, मीच, मोठ्याने. त्या भेटीत बाकी काहीही झालं नाही. पण त्यानंतर त्यांनी स्वतःहून तिसरा दिवस मागितला. त्यांचा नैराश्याच्या प्रश्नावलीचा स्कोअर (जितका जास्त तितकी लक्षणं जास्त) सुरुवातीला १४ होता, चार महिन्यांनी ८ झाला, मध्ये एकदा पुन्हा १२ वर गेला होता, आजींचं वर्षश्राद्ध त्या महिन्यात होतं. अजूनही काही दिवस ते दार उघडत नाहीत. मी हे यशाची गोष्ट म्हणून नाही सांगत, पद्धत कशी बारीक बारीक चालते ते कळावं म्हणून सांगतेय.

स्कोअर म्हणाले तर प्रश्नावलीबद्दल. दोन शिकवल्या. एक पीएचक्यू-९, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, एकूण २७ गुण, १० किंवा त्याहून जास्त आले की डॉक्टरांकडे पाठवायचा विचार करायचा. दुसरी खास ज्येष्ठांसाठीची, १५ प्रश्नांची, नुसतं हो किंवा नाही. ही दुसरी का बनवली ते कळल्यावर मला फार पटलं, वयाने झोप कमी होतेच, भूक मंदावतेच, दमायला होतंच, मग ते प्रश्न विचारले की सगळेच नैराश्यात दिसतात, म्हणून हिच्यात शरीराचे प्रश्न जवळजवळ नाहीतच, मनाचेच आहेत. आम्ही घरी ही वापरतो आणि महिन्याच्या फॉलोअपला पहिली. आणि हे दोन्ही निदान नाही, नुसता इशारा आहे, हे मॅडमनी इतक्यांदा सांगितलं की आमच्या खजिनदार काकांनी ते कपाटाच्या दारावर चिकटवलंय.

आता पहिली मोठी तक्रार, भाषा. आम्हाला दिलेली प्रश्नावली वाचून मला खरंच वाईट वाटलं. 'आपणांस निरुत्साही, खिन्न अथवा आशाहीन वाटले काय?' कुठल्या आजी असं बोलतात हो? एकींना विचारलं तर त्या म्हणाल्या नाही गं, मी नाही अशी. खिन्न म्हणजे त्यांना खुन्नस वाटलं होतं. त्याच आजी पाच मिनिटांनी म्हणाल्या की कशात जीव लागत नाही, पोटात सारखा खड्डा पडल्यासारखं होतं, सकाळ उजाडूच नये असं वाटतं. सगळी लक्षणं तिथेच होती, फक्त फॉर्मच्या भाषेत नव्हती. लोक 'मला नैराश्य आहे' असं कधी म्हणतच नाहीत, ते म्हणतात अंगात त्राण नाही, डोकं भणभणतं, विचार थांबत नाहीत, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. झिम्बाब्वेत त्यांनी हेच ओळखलं, तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, म्हणजे फार विचार करणं, आणि त्यांनी बाकावर तोच शब्द वापरला. आमच्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट कौतुकाने सांगितली आणि फॉर्म मात्र खिन्न अथवा आशाहीन! आता प्रश्न मनाला येईल तसे बदलायचेही नसतात, मग स्कोअरला अर्थ राहत नाही, म्हणून आम्ही असं करतो की प्रश्न छापलाय तसाच वाचतो आणि मग थांबतो, आणि नाही कळलं तर त्यांच्याच आधीच्या बोलण्यातला शब्द घेऊन समजावतो. हे आम्हाला आमचं शोधावं लागलं. ट्रेनिंग देणाऱ्यांनी चार आज्यांना बसवून फॉर्म वाचून घेतला असता तर एका दुपारचं काम होतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. जिवाच्या सुरक्षिततेचा भाग त्यांनी चौथ्या दिवशी दुपारी ठेवला. चौथ्या दिवशी दुपारी! लोकांच्या बॅगा भरलेल्या, अर्ध्यांचं लक्ष घड्याळाकडे. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, आणि तो विचारताना बहुतेकांचा आवाज बदलतो, नजर खाली जाते, काही जण तर विचारतात असं की "असं काही नाही ना वाटत?", म्हणजे समोरच्याने नाहीच म्हणावं. मॅडमनी जे शिकवलं ते उत्तम होतं : विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते येत नाही, उलट बहुतेकांना हलकं वाटतं, सरळ शब्दांत विचारायचं, आणि उत्तर हो आलं तर घाबरून विषय बदलायचा नाही. देवाने आता न्यावं असं म्हणणं वेगळं आणि कसं, कधी, कशाने हे ठरवलेलं असणं वेगळं, म्हणून पुढचे प्रश्न विचारायचे. ठरवलेलं असेल तर त्यांना एकटं सोडायचं नाही, ते साधन हाताशी राहू द्यायचं नाही, विश्वासातल्या माणसाला बोलवायचं, तातडीची मदत त्याच वेळी मागायची, आणि कितीही गळ घातली तरी "कुणाला सांगू नका" याला हो म्हणायचं नाही. सगळं बरोबर. पण सराव प्रत्येकाला एकदाच मिळाला, तोही सहा-सात मिनिटं. जगातल्या बऱ्याच भागांत आत्महत्येचं प्रमाण सत्तरीनंतर वाढलेलं दिसतं असं पहिल्याच दिवशी सांगता, आणि त्याचा सराव सगळ्यात शेवटी, उरलेल्या वेळात? आम्ही परत आल्यावर दर सोमवारी अर्धा तास फक्त हा एक प्रश्न एकमेकांना विचारायचा सराव केला, सहा आठवडे. आठ महिन्यांत दोनदा उत्तर हो आलं. दोन्ही वेळा विचारणाऱ्या ताईचा आवाज बदलला नाही, आणि दोन्ही माणसं आज उपचार घेतायत.

एका गोष्टीसाठी मात्र या ट्रेनिंगला पूर्ण गुण, नैराश्य, विसराळूपणा आणि अचानक आलेला गोंधळ यातला फरक फार नीट शिकवला. काही आठवड्यांत-महिन्यांत मन उतरत जाणं वेगळं, वर्षानुवर्षं विसरत जाणं वेगळं, आणि काल नीट बोलणारा माणूस आज तारीख-वार, जागा, माणसं काहीच ओळखत नाही हे पूर्ण वेगळं. हे शेवटचं मनाचं नाही, शरीराचं आहे, संसर्ग, नवीन औषध, पाणी कमी पडणं, असं काहीतरी असतं आणि त्याच दिवशी डॉक्टर लागतो. आमच्या एका व्हॉलंटियरने एका आजोबांना संध्याकाळच्या भेटीत असं बघितलं, घरचे म्हणत होते वयाने भ्रमिष्ट झालेत, तिने हट्टाने दवाखान्यात न्यायला लावलं, लघवीचा संसर्ग निघाला, आठवड्याने आजोबा परत पहिल्यासारखे. तसंच थायरॉइड कमी असणं, बी-१२ कमी असणं, काही औषधं, यांनीही माणूस नैराश्यात असल्यासारखा दिसतो, म्हणून आम्ही आता भेटी सुरू करायच्या आधी डॉक्टरांची एक तपासणी मागतोच.

कानाचं मात्र राहून गेलं. ऐकू न येण्यावर एकूण वीस मिनिटं दिली असतील. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या पण बदलता येण्यासारख्या १४ गोष्टी दिल्या, त्यात ऐकू कमी येणं आहे, नजर कमी होणं आहे, नैराश्य आहे, एकटेपणही आहे, म्हणजे हे सगळे एकाच गाठोड्यातले आहेत. आमच्याकडच्या एक आजी कुणाशी बोलत नाहीत, तुटक उत्तरं देतात म्हणून यादीत सगळ्यात वर होत्या. दुसऱ्या भेटीत ताईच्या लक्षात आलं की त्या ओठ बघून अंदाज लावतायत आणि खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचे ओठ उजेडामुळे त्यांना दिसतच नाहीत. खुर्च्यांची जागा बदलली, कानाच्या यंत्राचा सेल बदलला, आणि आजी बोलायला लागल्या, भरपूर बोलायला लागल्या. सगळ्यांचं असं होत नाही हे माहितीये. पण उजेड कुठून येतो, टीव्ही बंद आहे का, एका वेळी एकच प्रश्न विचारतोय का, चष्मा डोळ्यावर आहे का, याला अर्धा दिवस द्यायलाच हवा होता.

घरच्यांचं काय करायचं हेही अपुरं होतं. मुलगा किंवा सून शेजारी बसते आणि आईच्या आधी उत्तर देते, प्रेमानेच देते, पण त्यामुळे आई बोलत नाही. यावर एकच ओळ पुस्तिकेत, 'शक्यतो एकांतात बोलावे'. शक्यतो कसं ते नाही सांगितलं. आणि आजारी नवऱ्याची सेवा करणाऱ्या सत्तरीतल्या बायका, ज्यांना पन्नास मिनिटं उठून दुसऱ्या खोलीत येताच येत नाही, त्यांच्याबद्दल तर काहीच नव्हतं. आमच्या यादीत सगळ्यात थकलेल्या त्याच आहेत.

सुपरव्हिजन कॉल पहिले तीन महिने सोन्यासारखे होते. आम्ही अडलेली केस सांगायचो, मॅडम उत्तर द्यायच्या नाहीत, प्रश्न विचारायच्या, आणि कॉल संपेपर्यंत आम्हालाच सुचायचं. चौथ्या महिन्यात माणूस बदलला, नवीन सरांना आमच्या केसेस माहीत नव्हत्या, दोन कॉल पुढे ढकलले गेले, एक झालाच नाही. पैसे सहा कॉलचे घेतले, मिळाले पाच. मी लिहून कळवलं, दिलगिरी आली, कॉल नाही आला. मला पैशांचं एवढं नाही वाटलं, पण नेमक्या त्याच महिन्यात आमच्या भेटीतल्या एक आजी वारल्या, म्हातारपणाने, झोपेत, आणि त्यांच्याकडे पाच महिने जाणारी आमची व्हॉलंटियर मुलगी कोसळली, तिला वाटत होतं आपलं काही चुकलं. तेव्हा आम्हाला त्या कॉलची गरज होती. ज्येष्ठांसोबत काम करताना माणसं जाणार हे तर धरूनच चालायला हवं, आणि मागे राहणाऱ्या व्हॉलंटियरसाठी चार दिवसांत एक तासही नव्हता. आम्ही सगळे रात्री उशिरापर्यंत तिच्यासोबत बसलो, ती बोलली, रडली, आम्ही पहिल्या दिवशीचा नियम पाळला, कुणी सल्ला दिला नाही.

ऑनलाइन पोर्टलबद्दल फार लिहित नाही, पासवर्ड सारखा जातो, आम्ही छापील फॉर्म वापरतो.

तर घ्यावं का? मी पाचपैकी चार देते. ज्या संस्थेला वर्षातून एकदा मानसिक आरोग्यावर व्याख्यान ठेवायचंय आणि फोटो काढायचाय त्यांनी हे घेऊ नये, चार दिवस वाया जातील, त्यांचेही आणि ट्रेनरचेही. ज्यांच्याकडे आधीपासून घरभेटी चालू आहेत, एक माणूस समन्वय बघायला आहे आणि कमिटीतलं कुणीतरी चार दिवस बसायला तयार आहे, त्यांनी नक्की घ्यावं. फक्त पैसे भरायच्या आधी फोनवर विचारा की चार दिवसांतले किती तास रोल-प्ले, म्हणजे प्रसंग वठवून सराव, आहे, कारण स्लाइड बघून हे येत नाही. सुपरव्हिजन कोण करणार आणि तो माणूस बदलला तर काय, हे लेखी घ्या. प्रश्नावली आधी मागवून घ्या आणि घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या ज्येष्ठांना वाचून दाखवा. जवळचे डॉक्टर, समुपदेशक, तातडीचे नंबर यांची यादी करायला ते मदत करतात का ते विचारा, आमच्यांनी केली, आणि नुसती यादी नाही, प्रत्येक ठिकाणी आमच्याकडून फोन करवून घेतला, त्यातले तीन नंबर बंद निघाले. आणि नवीन लोकांसाठी परत बॅच घेतात का तेही विचारा, कारण आमच्या चौघांतला एक आठ महिन्यांत दुसरीकडे राहायला गेला, हे सगळ्याच संस्थांत होतं.

त्याच्या जागी दोन नवीन जणी पुढच्या महिन्यात त्याच ट्रेनिंगला जातायत. त्यांना मी एवढंच सांगितलंय की पहिल्या दिवशी घड्याळ लावतील तेव्हा मनाला लावून घेऊ नका, आणि पहिल्याच दिवशी दुपारी हात वर करून मॅडमना सांगा की नवव्या प्रश्नाचा सराव आम्हाला आजपासून रोज हवाय.